योहानची साक्ष

कोराळवाडी, ता. निलंगा, जि. उस्मानाबाद
२९ ऑक्टोबर १९७२

चि. निवृत्ती यास,

सरजाक्काचा प्रभूच्या नावात सलाम. तू त्यावर जयभीम म्हणशील, तोही पोचला असं समज. एकाच आईच्या पोटचे आपण, पण तुझं नमस्काराचं दुकान वेगळं आणि माझं वेगळं.

योहानचे वडील, दाविद मास्तर, आज असते तर हे पत्र त्यांनी चार ओळींत आटोपलं असतं. मला मिशनच्या बाईंनी लग्नानंतर अक्षरं शिकवली, त्यामुळे मी लिहायला बसले की लवकर उठत नाही. पण काम एकच आहे. माझ्या योहानचा पत्ता काढ.

श्रावणात गुत्तेदाराचा मुकादम निलंग्याच्या बाजारात आला होता. धर्माबादच्या पलीकडे दगडाच्या खाणीवर माणसं पाहिजेत म्हणाला. इथे पेरलेलं उगवलं नाही आणि उगवलं ते वाळलं. पोरगा म्हणाला, "आई, हितं बसून काय करू? तू दोन कोसावरून पानी आनायचं अन् म्या ते प्यायचं, येवढंच काम उरलंय." गेला. पोळ्याच्या सुमारास एक कार्ड आलं. काम जड आहे, जेवण बरं आहे, मुकादम सुट्टी देत नाही, एवढंच. त्यानंतर काही नाही. मी दोन कार्डं टाकली, त्यांचंही उत्तर नाही.

मी घाबरलेली नाही, हे आधी सांगते. तो निघाला त्या सकाळी मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला देवाच्या दूतांच्या हवाली केलं. हागारचं रानात पाणी संपलं, लेकरू झुडपाखाली ठेवून ती लांब जाऊन बसली, तेव्हा तिला विहीर कुणी दाखवली? एलीया मरण मागत झाडाखाली पडला होता, त्याला हलवून भाकर कुणी दिली? लोट तर आज निघू उद्या निघू करत बसला होता, त्याला दूतांनी हाताला धरून गावाबाहेर ओढला. आता तू विचारशील, अक्का, तुझे दूत उस्मानाबाद जिल्ह्यात का येत नाहीत? येतात. तुझ्यासारख्या मास्तरांना दिसत नाहीत.

तरी आईचं पोट आहे. तुला ठाऊक आहे, त्याला उजव्या कानाने ऐकू येत नाही. गोवर झाला तेव्हापासूनचं. मागून कुणी हाक मारली तर तो भलतीकडेच बघतो. तिथे हे कुणाला माहीत असेल का, एवढाच माझा घोर आहे. नांदेडहून धर्माबाद तुला जवळ पडतं. जाऊन बघशील का?

तुझी,
सरजाक्का

---

नांदेड
६ नोव्हेंबर १९७२

ती. अक्कास,

सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. तू घाबरली नाहीस हे दोन पानं भरून लिहिलंस, त्यावरून किती घाबरली आहेस ते समजलं.

लगेच निघालो असतो. पण आम्हा मास्तरांना सरकारने शाळेतून काढून दुष्काळी कामांवर हजेऱ्या घ्यायला लावलं आहे. रोज सकाळी सायकलवर तलावाच्या कामावर जातो, माणसं मोजतो, संध्याकाळी आलो की अंगावर एवढी धूळ असते की वर्गातली पोरंसुद्धा ओळखत नाहीत. महिनाअखेर मोकळा झालो की स्वतः जाईन.

तोवर मी व्यंकटीला लिहिलं आहे. निजामाच्या काळात उर्दू शाळेत माझ्या शेजारी बसायचा तो. आता धर्माबादला अडतीवर मुनीम आहे आणि माणूस शब्दाचा पक्का आहे. तुझे दूत आणि आमचं पोस्टखातं, दोघांपैकी आधी कोण बातमी आणतं ते बघू.

पोरगा कामात असेल. एकोणीस वर्षांच्या पोराला आईला पत्र लिहायचं सुचत नसतं. मला सुचलं होतं का कधी? तू उगाच उपास काढू नकोस. अंगावर उरलंय काय ते जप.

तुझा,
निवृत्ती

---

धर्माबाद
१९ नोव्हेंबर १९७२

निवृत्तीभाई,

जयभीम. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या रविवारी मी सायकल काढून खाणीवर गेलो. यंदा बाजारात मिरचीच नाही, त्यामुळे अडतीवर बसून माश्या मारण्यापलीकडे काम नव्हतं.

मास्तरांनी छड्या मारून आपल्याकडून काय काय पाठ करून घेतलं. हे कसं लिहायचं ते मात्र कुणी शिकवलं नाही. भाई, तुझा भाचा नाही राहिला.

दसऱ्याला खाणीवर हत्यारांची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी काम सुरू केलं आणि दुपारी वरचा कडा सुटला. वरच्यांनी आरोळी ठोकली, खालचे सगळे पळाले. हा एकटा वाकून पहार मारत राहिला. लोक म्हणतात, "आम्ही लई वरडलो, त्यानं मान पण वर केली न्हाई." जागीच गेला, त्रास झाला नाही. हे मी तीन जणांना वेगवेगळं विचारून घेतलं आहे, म्हणून लिहितो.

मुकादमाकडे त्याचं नाव आणि तालुका होता, गाव नव्हतं. म्हणून कळवता आलं नाही, असं तो सांगतो. कळवायचं नव्हतं हेही त्यात असेल. खाणीवरच्या वडारांनी त्याचं केलं. त्यांच्यात लक्ष्मम्मा म्हणून एक म्हातारी आहे. तिने सगळ्यांना विचारलं, ह्या पोराचा देव कोणता? कुणालाच माहीत नव्हतं. मग त्याची पिशवी उघडली तर त्यात येशूचं पुस्तक निघालं. म्हणून त्याला जाळलं नाही, नाल्याच्या काठी पुरलं. जागा मी पाहून आलो. वर दगड रचले आहेत.

पुस्तक तिने सांभाळून ठेवलं होतं, ते सोबत पाठवतो. बहिणीला तू स्वतः जाऊन सांग. असली गोष्ट कागदावरून सांगू नये.

तुझा दोस्त,
व्यंकटी

---

कोराळवाडी
२ डिसेंबर १९७२

चि. निवृत्ती यास,

सलाम. महिना झाला, तू गेला नाहीस की गेलास आणि लिहीत नाहीस?

देवणीकडची दोन माणसं खाणीवरून परत आली आहेत. त्यांच्या गावच्या बाईने बाजारात सांगितलं की तिथे कडा कोसळला. कोण सापडलं, कोण सुटलं, तिला काही ठाऊक नाही. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. तलावाच्या कामावर काल मी मातीची पाटी घेऊन खाली बसले ती उठलेच नाही. शेजारच्या पंचफुलाने धरून घरी आणलं. तिचा एकुलता एक शांतवन आणि माझा एकुलता एक योहान, त्यामुळे तिला सांगावं लागत नाही.

मला एवढंच लिही. कडा पडला तेव्हा माझ्या लेकाजवळ कुणी होतं का? मी ज्यांच्या हवाली केला होता ते होते का? तू काहीही लिही, मी ते धरून बसेन. फक्त लवकर लिही.

सरजाक्का

---

नांदेड
१० डिसेंबर १९७२

ती. अक्कास,

जयभीम. आधी ही ओळ वाच आणि मग खाली बस: योहान सुखरूप आहे.

कडा पडला ही गोष्ट खरी आहे. व्यंकटी स्वतः खाणीवर जाऊन चौकशी करून आला. वरून सगळ्यांनी आरोळ्या ठोकल्या, योहानला ऐकू गेलं नाही. तो वाकून पहार मारत होता. तेवढ्यात पांढरा सदरा घातलेला एक माणूस आला, त्याने त्याच्या मनगटाला धरून त्याला फरफटत बाजूला ओढलं आणि मागे कडा आला. त्या माणसाला खाणीवर कुणी आधी पाहिलेलं नव्हतं. नंतर लोकांनी शोधला तर सापडला नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही, तुला ठाऊक आहे. जे कानावर आलं ते लिहितो. तू काय समजायचं ते समज.

योहानच्या हाताला मार लागला आहे, म्हणून त्याला लिहिता येत नाही. गुत्तेदाराने त्याला आता आंध्रातल्या दुसऱ्या खाणीवर हलकं काम दिलं आहे. तिथला पत्ता अजून मिळाला नाही. पुस्तक जपून ठेवलं आहे, रोज वाचलं जातं.

आता जेव. माझी शपथ आहे.

निवृत्ती

---

नांदेड
११ डिसेंबर १९७२

व्यंकटी,

मी अक्काला खोटं लिहिलं. पोरगा जिवंत आहे असं लिहिलं.

तू म्हणालास तसं मी कोराळवाडीला जायला निघालो होतो. पिशवी भरली होती, पुस्तक त्यात होतं. निघताना तिचं पत्र हातात पडलं. ती अन्नाविना पडली आहे. तिला मी काय सांगणार होतो? तिने तर माझ्यासमोर उत्तरच मांडून ठेवलं होतं, मला फक्त त्याच्यावर हो म्हणायचं होतं. बसलो आणि लिहिलं. उभ्या जन्मात मी वर्गात पोरांना सांगत आलो की पुरावा दाखवा मग बोला, आणि माझ्या हातून असा सरळ, न खाडाखोड केलेला दूत उतरला. पत्र लिहिताना पुस्तक टेबलावर होतं.

ती जरा सावरली की नाताळानंतर जाऊन खरं सांगेन. तोवर तिकडून कुणी काही कळवू नये एवढं बघ. मला स्वतःची लाज वाटते, पण आज ती जेवली असेल.

निवृत्ती

---

कोराळवाडी
२६ डिसेंबर १९७२

माझ्या लाडक्या भावास,

सलाम, सलाम, सलाम.

तुझं पत्र आलं आणि मी ते पंचफुलाला वाचून दाखवलं, तिने मला मिठी मारली आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या अंगणात पोरींसारख्या रडलो. त्या दिवशी मी तीन भाकरी खाल्ल्या. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या होत्या, तरी खाल्ल्या.

आमच्यात रीत आहे, देवाने ज्याचं भलं केलं त्याने उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची. नाताळाला उदगीरहून पाद्रीसाहेब आले होते. चर्च म्हणजे आमचं पत्र्याचं, पण आसपासच्या पाच गावांतली माणसं जमली होती. मी उभी राहिले आणि तुझं पत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. पाद्रीसाहेब डोळे पुसत म्हणाले, हे पत्र विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने लिहिलं आहे, म्हणून त्याचं वजन दुप्पट. आपल्यातल्या कुणी लिहिलं असतं तर लोकांनी म्हटलं असतं, आपल्या मनाचं लिहिलं. बघ, तुझ्या न मानण्याचासुद्धा देवाने उपयोग केला.

योहानसाठी मी गोधडी शिवायला घेतली आहे. आंध्रात थंडी किती पडते ते विचारून ठेव.

आता एक काम. शांतवन त्या खाणीवर जायचं म्हणतो. आजवर पंचफुला त्याला उंबरा ओलांडू देत नव्हती. साक्ष ऐकल्यापासून तिची भीती गेली. म्हणते, "जिथं दूत हुबा हाय, तिथं पोरगं पाठवायला भ्यायचं कशाला?" गुत्तेदाराचं नाव कळव.

तुझी,
सरजाक्का

---

नांदेड
२ जानेवारी १९७३

ती. अक्कास,

शांतवनला पाठवू नका. खाणीवरचं काम बंद पडलं आहे. पंचफुलाबाईंना आजच जाऊन सांग. मी लवकरच येतो, मग बोलू.

हे पत्र चर्चमध्ये वाचू नकोस.

निवृत्ती

---

कोराळवाडी
९ जानेवारी १९७३

चि. निवृत्ती यास,

सलाम. तुझं कार्ड आज आलं आणि शांतवन कालच गेला. मुकादम पुन्हा निलंग्याला माणसं न्यायला आला होता, म्हणजे काम चालू आहे. तुला कुणीतरी चुकीचं सांगितलं.

पंचफुलाने त्याला माझ्याकडे आणलं. म्हणाली, "अक्का, योहानसाठी केली तीच प्रार्थना कर." मी तोच हात त्याच्या डोक्यावर ठेवला. पोरगा हसत गेला. तू घाबरट आहेस, लहानपणापासूनच. योहानची गोधडी त्याच्याकडेच दिली आहे. एका गुत्तेदाराची माणसं, कुठेतरी भेटतीलच ते दोघे.

सरजाक्का

---

धर्माबाद
१६ जानेवारी १९७३

अक्का,

शांतवन तुझ्याकडे पोचला असेल किंवा आज-उद्या पोचेल. तो सुखरूप आहे. ही ओळ खरी आहे. मागे लिहिलेली खोटी होती.

मी तुला खोटं लिहिलं. योहान नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच गेला. तू मला पहिलं पत्र लिहिलंस त्याच्याही अकरा दिवस आधी. लोक ओरडले, त्याला ऐकू गेलं नाही, आणि कुणीही येऊन त्याच्या मनगटाला धरलं नाही. पांढऱ्या सदऱ्याचा माणूस मी माझ्या मनाने उभा केला. तू विचारलंस म्हणून.

मला वाटलं होतं, खोटं तुझ्या-माझ्यात राहील. साक्ष द्यायची रीत माझ्या ध्यानातच आली नाही. लहानपणी दाविद मास्तरांबरोबर तुमच्या चर्चमध्ये कितीदा येऊन बसलो, बायका उठून सांगायच्या ते ऐकलं, आणि तरी ध्यानात आलं नाही. तुझं नाताळाचं पत्र वाचलं तेव्हा आलं. त्यावरही मी खरं लिहायला धजलो नाही, काम बंद आहे म्हणून आणखी एक खोटं टाकलं. शनिवारी तुझं पत्र आलं की तो गेला. रविवारी रेल्वेने आलो, काल सकाळी खाणीवर गेलो. तो त्याच कड्याखाली होता, अक्का. गोधडी बाजूच्या झुडपावर घडी करून ठेवलेली. नव्या टोळीतल्या कुणी त्याला योहानचं सांगितलेलं दिसलं नाही.

मी म्हटलं, चल, तुझ्या आईने पाठवलंय. तो म्हणाला, "तुमी कोन?" मला नाव सांगता आलं नाही. माझ्याच पत्रामुळे हा पोरगा इथे उभा आहे, त्याला मी कोणत्या तोंडाने नाव सांगू? तो म्हणाला, "येवढी पाळी संपू द्या, मग येतो." मी काही ऐकलं नाही. मनगट धरलं आणि ओढत सडकेपर्यंत आणला. मुकादम शिव्या देत मागे येत होता. देगलूरच्या एसटीत बसवलं, उदगीरपर्यंतच्या तिकिटाचे पैसे कंडक्टरकडे दिले आणि तो काही विचारायच्या आत निघून आलो.

मग व्यंकटीने मला नाल्याकाठी नेलं. योहानला वडारांनी नीट पुरलं आहे. लक्ष्मम्मा नावाच्या म्हातारीने त्याचा देव विचारून पुरलं. ती भेटली. तिला आपली भाषा येत नाही, मला तिची येत नाही. ती त्या दगडांकडे बोट दाखवून रडली. मी मात्र तिथे रडू शकलो नाही. माझा हक्क आहे असं वाटलं नाही.

त्याचं पुस्तक रजिस्टरने पाठवतो. दोन महिने माझ्याकडे होतं.

क्षमा माग म्हणालीस तर मागेन. पण तू ती देशील असं मला वाटत नाही, आणि देऊ नकोस असंही वाटतं.

निवृत्ती

---

कोराळवाडी
२९ जानेवारी १९७३

निवृत्ती यास,

पुस्तक मिळालं. काल उपासनेत मी उभी राहून सांगितलं की माझा योहान दसऱ्यालाच गेला.

माझा लेक मातीत होता आणि मी नाताळाची गाणी म्हटली. त्याच्यासाठी गोधडी शिवली. माझा शोक तू दोन महिने तुझ्या टेबलावर ठेवून घेतलास. तो तुझा नव्हता.

यापुढे मला लिहू नकोस.

सरजाबाई

---

कोराळवाडी, ता. निलंगा, जि. लातूर
५ सप्टेंबर १९८२

चि. निवृत्ती यास,

सलाम.

वरचा पत्ता बघून दचकू नकोस. आम्ही आता लातूर जिल्ह्यात आलो. पंधरा ऑगस्टला तिकडे मोठा मांडव पडला, भाषणं झाली. पत्ता लिहिताना माझा हात अजून उस्मानाबादकडेच वळतो.

लिहू नकोस म्हटलं तरी तू दर नाताळाला कार्ड टाकत राहिलास. पाकीट असतं तर न फोडता ठेवलं असतं. कार्ड म्हणजे उघडंच असतं, त्यामुळे वाचावं लागलं. तू नोकरीतून मोकळा होणार, तुला दम लागतो, सून चांगली मिळाली, हे सगळं मला ठाऊक आहे. उत्तर दिलं नाही. आज देते, कारण गेल्या मंगळवारी पंचफुला गेली, आणि आता माझ्या पोटात आहे ते सांगायला तुझ्याखेरीज कुणी उरलं नाही.

तुझं ते धर्माबादचं पत्र मला शनिवारी मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी उपासनेला गेले ती पत्र कमरेच्या पिशवीत घालूनच. पाय कसे गेले ठाऊक नाही. तर माझ्या आधी पंचफुला उभी राहिली. साक्ष द्यायला. शांतवन तिच्या शेजारी बसला होता. ती म्हणाली, "पांढरा सदरा व्हता म्हन्ती. नाव इच्यारलं तर सांगितलं न्हाई. माझ्या लेकराच्या मनगटाला धरलं अन् वढीत वढीत आनलं कड्याखालून. यष्टीत बसवलं. ह्यानं खिडकीतून बघितलं तर मानूसच न्हाई! सरजाक्काच्या योहानला आलता त्योच ह्यो." सगळी मंडळी हालेलूया म्हणाली. पाद्रीसाहेबांनी हात वर केले. त्या सगळ्या माणसांत एकट्या मला ठाऊक होतं की तो दूत नांदेडच्या शाळेत इतिहास शिकवतो.

मला उठून सांगायचं होतं. पंचफुलाच्या तोंडाकडे बघितलं आणि उठवलं नाही.

पुढच्या रविवारी योहानचं सांगितलं. लोकांनी विचारलं, मग ते पत्र? मी म्हटलं, माझ्या भावाला चुकीची खबर मिळाली होती. देवाच्या घरात उभं राहून बोललेलं हे माझं पहिलं खोटं, तेही तुझ्यासाठी, आणि तुझ्यावर एवढा राग असताना. पंचफुलाचं काही बोलले नाही. मनाशी म्हटलं, आज नको, पुढच्या रविवारी. असे पाचशे रविवार गेले.

मी प्रार्थना सोडली नाही. तुला वाटलं असेल सोडली असेल. फक्त एक झालं. नाताळाची गोष्ट मी आयुष्यभर पोरांना सांगत आले, की राजाचे शिपाई लेकरं मारायला निघाले तेव्हा दूताने येऊन योसेफाला जागं केलं आणि तो मायलेकरांना घेऊन निसटला. किती आनंदाने सांगायची मी. दूत एकाच दाराशी आला, शेजारच्या दाराशी आला नाही, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. त्या शेजारच्या बाईचं काय झालं हे मी कधी विचारलं नाही. आता मी त्याच घरात राहते. तिथूनच प्रार्थना करते. तिथून ती जड जाते, पण जाते.

पंचफुला पंधरा दिवस अंथरुणाला खिळली होती. शांतवन लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीत शिपाई लागला आहे, तो रजा टाकून आला होता. शेवटच्या दिवशी तिने मला जवळ बोलावलं. म्हणाली, "अक्का, माझ्या शांतवनला आनायला आलता, त्योच येईल न्हवं मला न्यायला? मला वळख पटंल न्हवं त्याची?" तिचा हात माझ्या हातात होता. दहा वर्षं जे सांगायचं राहिलं होतं ते सांगायची हीच वेळ होती. मी म्हटलं, "येईल. पटंल." जराही अडखळले नाही. वर म्हटलं, "पांढरा सदरा असंल बघ." ती हसली. दुपारी गेली.

तिच्या उशाशी बसून मला तुझं ते पत्र आठवलं. खाडाखोड नव्हती त्याच्यात. मी इतकी वर्षं म्हणत होते, ह्याच्या हाताला काटा कसा टोचला नाही? आता कळलं. असं माणूस समोर असलं की टोचत नाही. नंतर टोचतो, आणि मग काढता येत नाही.

तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. माझे दोन महिने तू घेतलेस ते घेतलेसच. पण मी तुझी दहा वर्षं घेतली. आणि एक गोष्ट मी कधी लिहिली नाही, ती लिहिते. तू गेला नसतास तर पंचफुला माझ्या शेजारी त्याच घरात येऊन बसली असती. ती बसली नाही. एवढं तू केलंस.

मातीहून परतल्यावर शांतवनला मी सगळं सांगितलं. तो आपलं मनगट बघत बसला. मग म्हणाला, "मामा व्हते त्ये? मग नाव का न्हाई सांगितलं?" मी म्हटलं, ते त्यालाच विचार. त्याला तुझ्यावर राग नाही. मनगटावरचा तुझ्या बोटांचा वळ तीन दिवस गेला नव्हता म्हणतो, आईने त्याच्यावर हळद लावली नाही, दूताची खूण म्हणून तसाच ठेवला.

येत्या शनिवारी तो मला घेऊन नांदेडला येतोय. दुसऱ्या दिवशी आपण तिघं धर्माबादला जाऊ. व्यंकटीभाऊंना कळव, नाल्याकाठची जागा त्यांच्या लक्षात असेल. ती लक्ष्मम्मा असेल तर तिलाही भेटायचं आहे. माझ्या लेकाचा देव कोणता, हे विचारणारी ती एकटीच निघाली.

मी घरात रडले, चर्चमध्ये रडले, पाणी भरता भरता रडले. त्याच्या मातीपाशी बसून रडायचं तेवढं राहिलं आहे. तुला तिथे रडू आलं नाही असं तू लिहिलं होतंस. माझा हक्क नाही, असं. तो तुझा भाचा होता, निवृत्ती. या वेळी माझ्याशेजारी बस, आणि रड.

तुझी,
सरजाक्का